मालिकेतलं १९वं पुस्तक थेट वाचायला घेतलं तर चालेल का? (जादूच्या शहरातली पोलीस चौकी)

काउंटरवाली (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी मेडिकलमध्ये काउंटरला असते. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फारसं नसतं, माझं सगळं वाचन त्या वेळेतलं. आजोबांनी बाबुराव अर्नाळकर जाड पुठ्ठ्यात बांधून ठेवले होते, त्यामुळे झुंजार आणि काळापहाड ही मला घरातलीच माणसं. पुढे सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक असं जे मिळेल ते वाचत गेले. इंग्रजी वाचते, पण हळू.

गेल्या महिन्यात किलोच्या भावाने पुस्तकं विकणारे आले होते. ढिगात 'फीट ऑफ क्ले' हे टेरी प्रॅचेटचं पुस्तक मिळालं. मागच्या मजकुरात खून होते, विषप्रयोग होता, पोलीस होते, म्हणून उचललं. घरी आल्यावर मोबाइलवर बघितलं तर ही 'डिस्कवर्ल्ड' नावाची मालिका निघाली. तिच्यात ४१ कादंबऱ्या आणि माझ्या हातातली १९वी!

म्हणजे आधीच्या १८ वाचल्याशिवाय काही कळणारच नाही का? सोलापुरात त्या १८ मला कोण देणार?

दुसरं खरं तर जास्त महत्त्वाचं. चाळून बघितलं तर या पोलिसांत एक बाई गरज पडली की लांडगा होते, एक हवालदार दगडाचा आहे, आणि गावात जादूगारांचं अख्खं विद्यापीठ आहे. मग तपास कसला करायचा? जादूगारांना विचारा, नाव काढा, बेड्या ठोका. शेवटच्या पानावर लेखक मंत्र म्हणून मोकळा होणार असेल तर आत्ताच सांगा, मी वेळ घालवणार नाही. रहस्यकथेत माझ्याशी लबाडी झाली की मला फार राग येतो.

होटगीरोडचा

पहिल्यापासून वाचा हो ताई. 'द कलर ऑफ मॅजिक', १९८३. तिथून सरळ. नाहीतर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. मी कॉलेजात मधूनच एक उचललं होतं, काही झेपलं नाही, बाजूला टाकलं. नंतर क्रमाने सुरू केलं तर वेडच लागलं. मालिका म्हणजे मालिका.

निवृत्त शिरस्तेदार

आधी निकाल सांगतो, मग कारणं. थेट वाचा.

होटगीरोडकर, आपलं म्हणणं मनापासूनचं आहे, पण ताईंना ते लागू पडत नाही. ४१ पुस्तकं म्हणजे ४१ भागांची एक गोष्ट नव्हे. जग एक, त्यात चालणारी प्रकरणं वेगवेगळी. जादूगारांची पुस्तकं वेगळी, चेटकिणींची वेगळी, मृत्यू हे पात्र ज्यांत मुख्य आहे ती वेगळी. पोलिसांची फाइल ८व्या पुस्तकात उघडते: 'गार्ड्स! गार्ड्स!', १९८९. तिचा दुसरा भाग १५वं 'मेन अ‍ॅट आर्म्स', १९९३. ताईंच्या हातात आहे ते १९९६चं, म्हणजे या फायलीतलं तिसरं. मागची दोन वाचली असती तर बरं, न वाचल्याने काही अडत नाही. पहिली दोन-तीन पुस्तकं तर लेखकाचा हात बसायच्या आधीची आहेत. तिथून सुरुवात करून कंटाळलेले वाचक मला ठाऊक आहेत.

लागेल तेवढी मागची हकीकत इथेच देतो. शहराचं नाव अँख-मॉरपॉर्क. तिथल्या गस्ती दलाचा प्रमुख सॅम व्हाइम्स. पहिल्यांदा भेटतो तेव्हा हा माणूस दारू पिऊन गटारात पडलेला असतो आणि हाताखाली दोन-तीन टोणगे. १९व्यापर्यंत त्याने दारू सोडली आहे, शहरातल्या सगळ्यात श्रीमंत बाईशी लग्न झालं आहे, सरकारी किताब मिळाला आहे, आणि यातलं एकही त्याला अंगाला बसत नाही. अजूनही पातळ तळव्याचे बूट घालून गल्ल्या फिरतो. अर्नाळकरांचा झुंजार कधी म्हातारा झाला नाही, त्याला बढती मिळाली नाही. हा माणूस मात्र दर पुस्तकागणिक बदलतो. मालिका लांबल्याचा फायदा घेणारे लेखक थोडे, प्रॅचेट त्यांतला.

दलात भरतीही वाढत जाते. बुटके, दगडी ट्रोल, ती लांडगा होणारी अँग्वा. आपल्या पुस्तकात चिअरी लिटलबॉटम नावाची नवी उमेदवार येते. जातीने बुटकी, धंद्याने किमयागार, प्रयोगशाळेत स्फोट करून नोकरी घालवलेली. तिला व्हाइम्स रसायन तपासायला ठेवून घेतो. नोकरीभर मी सत्र न्यायालयात पुण्याहून येणाऱ्या सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टांची वाट पाहिली. खटला तयार, पंच तयार, आरोपी आत, आणि व्हिसेराचा अहवाल नाही म्हणून पुढची तारीख. त्यामुळे चौकीतच रसायन तपासणारं माणूस बसवायची व्हाइम्सची धडपड वाचताना मी एकटाच हसत होतो. घरच्यांनी विचारलं काय झालं. काय सांगणार?

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ही शंका फार जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला दुसरा हाच: दैवी, अमानवी शक्तींना मज्जाव. कारण वाचकापुढे पुरावा ठेवायचा आणि उत्तर मात्र आकाशातून आणायचं, हा अन्याय आहे. नियम बरोबर आहे. पण या पुस्तकात तो मोडलेला नाही. जादू शहरात आहे, तपासात नाही. अँग्वाला वासावरून इथे कोण येऊन गेलं ते कळेल, का आला होता ते वासात नसतं. आणि न्यायालयात भांडण नेहमी 'का' आणि 'कसं' यावर होतं, 'कोण' तर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

प्रकरण असं. दोन म्हातारे मारले जातात. एक धर्मशास्त्र जाणणारा पुजारी, दुसरा बुटक्यांच्या पावांच्या संग्रहालयाचा राखणदार. (हो, पावांचं संग्रहालय. बुटके पाव हत्यार म्हणून वापरतात. हसा आणि पुढे जा.) दोघेही निरुपद्रवी, चोरी काही नाही. जागेवर पांढरी माती सापडते, आणि पुजाऱ्याच्या तोंडात कागदाची सुरळी. त्याच वेळी शहराचा कारभारी व्हेटिनारी याला कोणीतरी थोडं थोडं विष देतंय. जेवण तपासलं, पाणी तपासलं, आचारी बदलला, व्हाइम्सने बाहेरून पाव आणून दिला, तरी माणूस खंगतोच आहे.

आणि शहरभर मातीचे गोलेम राबताहेत. गोलेम ही ज्यूंच्या दंतकथेतली गोष्ट, प्रागच्या १६व्या शतकातल्या ज्यू धर्मगुरू, रब्बी लोएव यांच्याशी जोडलेली. मातीचा माणूस करायचा, पवित्र शब्दाने त्याला चालता करायचा. इथे ते शब्द कागदावर लिहून डोक्यात ठेवतात. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. झोप नाही, पगार नाही, तक्रार नाही. दोन पाळ्यांत सायरनवर चालणाऱ्या गावात मी वाढलो. हे मातीचे कामगार कोणाला कसे दिसतील सांगता येत नाही, मला काही परके वाटले नाहीत.

सूचना एकच. पुस्तकाला प्रकरणं नाहीत. कुठे थांबायचं ते लेखक सांगत नाही. दोन ते चारच्या वाचनाला हे जड जाईल, गिऱ्हाईक आलं की बोट घालून ठेवा. तळटीपा मात्र सोडू नका. आणि दारांवरची कुलचिन्हं, त्याखालची बोधवाक्यं नीट वाचा. यापेक्षा जास्त सांगत नाही.

धारपवेडा

शिरस्तेदार काकांनी नॉक्स काढला ते बरं झालं. आपल्याकडे अमानवी आणि तपास एकत्र म्हटलं की मला नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ आठवतात. पण तिथे वाचकाचा प्रश्न वेगळा असतो. वाईट शक्ती आहे हे लवकरच कळतं, मग तिला कसं हरवणार यात जीव अडकतो. समर्थांची ताकद मोठी आहे हे आपण मान्य करून बसलेलो असतो. प्रॅचेटच्या पोलिसांकडे ताकद अशी काही नाहीच. व्हाइम्सला जादूचा तिटकारा आहे, राजांचा तिटकारा आहे, आणि हुशार गुप्तहेरांचासुद्धा. 'फीट ऑफ क्ले'मध्येच एक उतारा आहे. कपडे-बूट पाहून माणसाचा अख्खा इतिहास सांगणाऱ्यांवर त्याचा विश्वास का नाही, ते सांगितलंय. माणसं इतकी सरळ जगत नाहीत, असं साधारण म्हणणं. बेकर स्ट्रीटच्या शेरलॉक होम्सला मारलेला टोला आहे तो, आणि चांगला लागलाय.

होटगीरोडचा

काका, पावांच्या संग्रहालयापर्यंत मी तुमच्या बाजूने आलो. तरी ८वं आधी वाचावं हे माझं मत कायम. कॅरट नावाचा तो बुटक्यांत वाढलेला सहा फुटी 'बुटका' शिपाई गावात पहिल्यांदा येतो ती मजा नंतर येत नाही. आणि तो कोण आहे हे समजलं नसेल तर १९व्यातल्या राजाच्या भानगडीत मजा निम्मी.

निवृत्त शिरस्तेदार

आक्षेप नोंदवून घेतला. निम्मी नाही, चाराणे.

काउंटरवाली (सोलापूर)

वाचून झालं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी इथून पुढे थांबा, सगळं उघडं करतेय.

काका, बोधवाक्यं वाचा असं तुम्ही सांगितलं होतं, मी वाचली, आणि तरी मला कळलं नाही! मेणबत्तीवाल्याच्या कुलचिन्हाखाली उत्तर सरळ लिहून ठेवलेलं आहे. मागे जाऊन ते पान परत काढलं. लबाडी नाही, हे मान्य.

माझा संशय भिंतीवर होता. धंद्यामुळे थोडं ठाऊक असतं. शेले या रसायनतज्ज्ञाने १७७५च्या सुमारास काढलेला तो हिरवा रंग आर्सेनिकचा होता आणि पुढच्या शतकात घरोघरी तोच रंग लावलेले भिंतीवरचे कागद. चिअरीने आर्सेनिक सांगितल्याबरोबर मी म्हटलं, खोलीतली भिंत बघा. मेणबत्तीत विष ही मला लेखकाची कल्पना वाटली, पण तीही खरी निघाली. १८३०च्या दशकात लंडनमध्ये मेणबत्त्या टणक आणि चांगल्या जळाव्यात म्हणून त्यांत सोमल घालत, आणि डॉक्टरांनी त्यावर आवाज उठवला होता. पांढरं आर्सेनिक, चव नाही, वास नाही. मार्शची चाचणी १८३६ची, म्हणजे शोधायची सोयसुद्धा त्याच काळातली. लेखकाने गंमत म्हणून रचलेल्या शहरात विज्ञान असं पक्कं असेल असं वाटलं नव्हतं.

एक तक्रार आहे. व्हेटिनारीला मेणबत्त्यांचं कधीच कळलेलं होतं आणि तो आजारी असल्याचं सोंग करत होता. मग व्हाइम्स एवढा पळाला तो कशाला? दोनशे पानं तपास करायचा आणि साहेब म्हणणार, हो, मला ठाऊक होतं. मला चीड आली.

आणि दुसरं, त्या कॉकबिल स्ट्रीटच्या प्रसंगाला मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी पुढे वाचलंच नाही.

निवृत्त शिरस्तेदार

चीड यावी अशीच लेखकाची इच्छा असावी, कारण व्हाइम्सलाही तीच येते. मी त्याच्याकडे असं बघतो. व्हेटिनारीला स्वतःपुरतं कळलं होतं, सिद्ध करायचं नव्हतं. साहेबांना ठाऊक असणं आणि कागदावर येणं यांत जे अंतर असतं, ते कापायला पोलीस लागतो. माझ्या टेबलावरून गेलेल्या किती फायलींत आरोपी कोण हे सगळ्यांना माहीत होतं! पंच फितूर, जप्तीच्या पाकिटावरचं लाखेचं सील फुटलेलं, संपलं प्रकरण. पण हेही खरं की शेवट थोडा व्हेटिनारीच्या बाजूने झुकतो. लेखकाचा त्याच्यावर जीव आहे आणि तो दर पुस्तकात दिसतो. तेवढा दोष धरा.

कुलचिन्हांचं सगळं प्रकरणही मला लांबलेलं वाटलं. नॉबीसारख्या, गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणाऱ्या शिपायाला राजगादीचा वारस ठरवून बाहुलं बसवायचं, हे खानदानी लोकांचं कारस्थान मजेशीर आहे, त्यात पानं मात्र फार गेली.

आता कॉकबिल स्ट्रीट. राजवाड्यातली मोलकरीण जळून उरलेले मेणबत्तीचे तुकडे घरी नेते. चोरी नव्हे, तो तिचा हक्कच, जुना रिवाज. त्या तुकड्यांच्या उजेडात घरातली आजी जाते आणि तान्हं पोर जातं. व्हाइम्स त्याच गल्लीत वाढलेला. कारभारी वाचतो, कारण त्याच्याभोवती शंभर माणसं तपासाला. त्या घरात तपास कोण करणार? तिथे माणूस गेला की शेजारी म्हणतात, गेला बिचारा. कट रचणाऱ्यांना या दोघांची नावंही ठाऊक नाहीत. तिथून पुढे व्हाइम्सला कारभाऱ्यापेक्षा या दोन मरणांचा राग जास्त आहे, आणि पुस्तक खऱ्या अर्थाने तिथे पोलिसांचं होतं.

माझी आई गिरणीत होती. गोधडीपुरत्या चिंध्या घरी यायच्या, जॉबर, म्हणजे मुकादम, हो म्हणायचा. कामाच्या जागेवरून उरलंसुरलं घरी आणायचं हा आमच्या अख्ख्या चाळीचा संसार होता. त्यामुळे ते तुकडे त्या घरात कशाने गेले हे मला समजवायला लेखकाला दोन ओळी पुरल्या.

गोलेमांबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. त्यांनी आपापल्या अंगातली माती काढून एक राजा घडवला. पुजाऱ्याने शब्द लिहून दिले, संग्रहालयाच्या भट्टीत तो भाजला. डोक्यात घातलं काय? शांतता आण, सगळ्यांना न्याय दे, आम्हाला स्वातंत्र्य शिकव, शहाणपणाने राज्य कर. एका मडक्यात एवढं. ते वेडं झालं, आणि ज्यांनी घडवलं त्या दोघा म्हाताऱ्यांनाच त्याने मारलं. मग डॉर्फल नावाचा गोलेम चौकीत येऊन खुनांची कबुली देतो. आता बघा, पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरता येत नाही, असं आपला १८७२चा पुरावा कायदा कलम २५मध्ये सांगत होता आणि आताच्या नव्या कायद्यातही ते राहिलंच आहे. अँख-मॉरपॉर्कला असं काही कलम नाही. तरी व्हाइम्स आणि कॅरट कबुली हातात पडली म्हणून फाइल बंद करत नाहीत. कबुलीच्या पलीकडे तपास केला, म्हणून खरं निघालं. मला पूर्ण पुस्तकात सगळ्यात अद्भुत गोष्ट कुठली वाटली विचाराल, तर ही.

आणि कॅरट डॉर्फलला त्याच्या खाटीक मालकाकडून विकत घेतो, रीतसर पावती करतो आणि ती पावती त्याच्याच डोक्यात ठेवतो. झाला स्वतःचा मालक. आयुष्यभर मी पावत्या फायलींना टाचल्या, एकीनेही असं काम केलं नाही.

धारपवेडा

आणि पुढे तो डॉर्फल पोलिसांतच भरती होतो, पगाराचे पैसे साठवून बाकीचे गोलेम सोडवायचे म्हणून! हे सोडून कसं चालेल काका?

निवृत्त शिरस्तेदार

सोडलं नाही, दम घेत होतो.

काउंटरवाली (सोलापूर)

कबुलीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो भाग परत वाचते.

आता पुढे काय घेऊ? मागे ८वं की पुढचं?

निवृत्त शिरस्तेदार

आता मागे जा. ८वं, मग १५वं. तिथून २१वं 'जिंगो', १९९७चं. त्यात युद्ध आहे आणि तपास थोडा पातळ. २४वं 'द फिफ्थ एलिफंट', १९९९. आणि २९वं 'नाइट वॉच', २००२चं. हे सगळ्यात चांगलं, पण ते आधी वाचलंत तर वाया जाईल. ज्याला तिथे जुन्या दिवसांत परत जावं लागतं तो व्हाइम्स तुम्हाला नीट ओळखीचा हवा. ३४वं 'थड!' २००५चं, तेही सावकाश. ३९वं 'स्नफ' २०११चं. ते मी एकदाच वाचलं. प्रॅचेट २०१५ साली गेले. आजारपणातलं लिखाण आहे आणि ते कळतं.

होटगीरोडचा

बघा, शेवटी ८व्यावरच आलात काका!

ताई, ८वं माझ्याकडे आहे. रविवारी संध्याकाळी पार्क चौकात चार हुतात्मा पुतळ्यापाशी देतो. पान दुमडायचं नाही आणि वर शेंगाचटणी सांडायची नाही, आधीच्या माणसाने सांडलेली आहे.

काउंटरवाली (सोलापूर)

सहानंतर चालेल का? रविवारीही दुकान सहापर्यंत आहे. कव्हर घालूनच वाचेन.